खाण्यातलं कॅल्शियम क्लोराइड: वजन, विरघळवणं, वापराचा क्रम आणि काळजी

चीजसाठी दूध रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या विकराने, म्हणजे एन्झाइमने) नीट लागत नाही, व्हिनेगरात मुरवलेली काकडी महिन्याभरात मऊ पडते, अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, जेली धरणाऱ्या पदार्थाचे) मोती तोंडात कडू लागतात. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच पांढरा क्षार असतो आणि चूकही एकच असते: तो चमच्याने मोजून, कोरडाच, चुकीच्या वेळी घातलेला असतो. कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरचा 509 क्रमांकाचा घटक, मुळात अवघड नाही. मात्र त्याचे तीन प्रकार मिळतात, तो हवेतलं पाणी झपाट्याने ओढतो आणि पाण्यात पडला की तापतो. या तीन गोष्टी ध्यानात न घेता लिहिलेली कृती कितीही काटेकोर असली तरी फसते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन सगळ्यांसाठी आहेत. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यापैकी तुमच्या कामाचा असेल तो घ्या. शेवटचे दोन मात्र कोणीही गाळू नयेत.

## टप्पा 1: हातात नेमकं काय आहे ते ठरवा

डबा उघडण्याआधी लेबल वाचा. त्यावर ‘खाद्य दर्जा’ असा स्पष्ट उल्लेख हवा आणि 509 हा क्रमांक किंवा कॅल्शियम क्लोराइड हे पूर्ण नाव हवं. हाच क्षार रस्त्यावरचा बर्फ वितळवायला, कपाटातली ओल शोषायला आणि धूळ बसवायलाही विकला जातो. रासायनिक नाव तेच असलं तरी शुद्धतेची हमी तीच नसते. खाद्य दर्जाच्या मालात शिसं किलोमागे 2 मिलिग्रॅम आणि फ्लोराइड 40 मिलिग्रॅम यांच्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय निकषांत आहे. बर्फ वितळवण्याच्या मालाला अशी मर्यादा कोणी लावत नाही. ओल शोषणाऱ्या डबीत साठलेलं पाणी ‘तेच तर आहे’ म्हणून वापरणं हा शुद्ध धोका आहे.

नावांचा घोळही इथेच मिटवा.

- कॅल्शियम हायपोक्लोराइट हे ब्लीचिंग पावडरमधलं जंतुनाशक. त्याला क्लोरीनचा उग्र वास येतो. कॅल्शियम क्लोराइडला वास नसतो आणि त्यातून क्लोरीन वायू सुटत नाही. डब्याला उग्र वास असेल तर तो स्वयंपाकघरातून बाहेर काढा.
- कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुना. तोही भाज्या कडक करतो, पण आम्लता मारतो. याचा धोका पाचव्या टप्प्यात आहे.
- कॅल्शियम लॅक्टेट (327) आणि कॅल्शियम सल्फेट (516) यांतही कॅल्शियम असतं, पण प्रमाण वेगळं आणि विरघळणंही वेगळं. एकाच्या जागी दुसरा तितक्याच वजनाने चालत नाही.
- पोटॅशियम क्लोराइड (508) मिठाला पर्याय म्हणून वापरतात. ते दूध लावण्याच्या किंवा भाजी कडक करण्याच्या कामाचं नाही.

> थांबा. इंजेक्शनसाठी येणारं कॅल्शियम क्लोराइड खाण्यात वापरू नका. ते दवाखान्यातलं औषध आहे.

## टप्पा 2: निर्जल, डायहायड्रेट की हेक्झाहायड्रेट?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ द्या.

कॅल्शियम क्लोराइडच्या कणात पाणी बांधलेलं असू शकतं. निर्जल प्रकारात ते नसतं, डायहायड्रेटमध्ये प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात आणि हेक्झाहायड्रेटमध्ये सहा. पांढरे दाणे किंवा पापुद्रे पाहून फरक कळत नाही, वजनात मात्र तो मोठा असतो:

- 1 ग्रॅम निर्जल क्षारात कॅल्शियम सुमारे 361 मिलिग्रॅम
- 1 ग्रॅम डायहायड्रेटमध्ये सुमारे 273 मिलिग्रॅम
- 1 ग्रॅम हेक्झाहायड्रेटमध्ये सुमारे 183 मिलिग्रॅम

म्हणजे कृतीत ‘निर्जल 10 ग्रॅम’ असेल तर डायहायड्रेट 13.25 ग्रॅम आणि हेक्झाहायड्रेट 19.7 ग्रॅम लागतं. उलट, डायहायड्रेटसाठी लिहिलेल्या वजनात निर्जल क्षार घातला की मात्रा एक तृतीयांशाने वाढते आणि कडवटपणा लगेच जाणवतो. खाद्य दर्जाचा माल बहुधा डायहायड्रेट किंवा निर्जल असतो. कृतीत प्रकार दिलाच नसेल तर डायहायड्रेट धरून कमी मात्रेने सुरुवात करा. कमी पडलं तर पुढच्या खेपेला वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

आणखी एक गफलत नेहमीची. काही तक्त्यांत टक्केवारी कॅल्शियमची असते, काहींत क्षाराची. तयार पदार्थात 0.05 टक्के कॅल्शियम हवं असेल तर निर्जल क्षार 0.14 टक्के लागतो आणि डायहायड्रेट 0.18 टक्के. दोन्ही आकडे एकच समजले तर भाजी जवळजवळ पाऊण भागाने कमी कॅल्शियमवर राहते आणि मग ‘या क्षाराचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

लेबल फाटलं असेल तर ओळख. 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम क्षार ढवळा आणि आधी-नंतरचं तापमान मोजा. निर्जल असेल तर पाणी 15 अंशांच्या आसपास किंवा जास्तच तापतं. डायहायड्रेट असेल तर ही वाढ साधारण निम्मी असते. हेक्झाहायड्रेट विरघळताना पाणी उलट थंड होतं. या चाचणीने प्रकार कळतो, दर्जा कळत नाही. माल खाद्य दर्जाचा आहे याची खात्री नसेल तर चाचणी कितीही चांगली आली तरी तो खाण्यात घेऊ नका.

चमच्याने मोजणं सोडून द्या. गोळ्या, पापुद्रे आणि भुकटी यांचं एका चमच्यातलं वजन सारखं नसतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा इथे चैन नव्हे, गरज आहे.

## टप्पा 3: 10 टक्क्यांचं द्रावण बनवा

दर वेळी चिमूटभर क्षार तोलण्यापेक्षा एकदाच द्रावण करून ठेवणं केव्हाही बरं. लहान मात्रा अचूक पडते, क्षार आधीच विरघळलेला असल्याने पदार्थात एका जागी साचत नाही आणि उष्णता अगोदरच निघून गेलेली असते. विकत मिळणारी द्रावणं बहुधा 30 टक्क्यांच्या आसपास असतात. घरगुती कामाला 10 टक्के सोपं, कारण हिशोब तोंडी होतो: 1 मिलिलिटर म्हणजे 0.1 ग्रॅम निर्जल क्षार. पुढच्या बहुतेक मात्रा याच द्रावणाच्या दिल्या आहेत; क्षार थेट तोलायचा असेल तिथे तसं लिहिलं आहे.

लागणारं सामान: काचेचं किंवा खाद्य दर्जाच्या प्लॅस्टिकचं भांडं, 100 मिलिलिटरची खूण असलेली बाटली, काटा, उकळून गार केलेलं मऊ पाणी किंवा डिस्टिल्ड पाणी, हातमोजे, चष्मा. ॲल्युमिनियमची आणि लोखंडाची भांडी टाळा, हे द्रावण ती खातं. स्टीलचा चमचा ढवळायला चालतो, पण स्टीलच्या डब्यात द्रावण साठवलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात.

1. भांड्यात साधारण 70 मिलिलिटर थंड पाणी घ्या.
2. डायहायड्रेट 13.25 ग्रॅम (काटा एकच दशांश दाखवत असेल तर 13.2 किंवा 13.3) किंवा निर्जल 10 ग्रॅम तोला. डबा लगेच घट्ट लावा. उघडा राहिलेला क्षार काही मिनिटांतच ओलसर होऊ लागतो आणि पुढच्या वेळचं वजन खोटं ठरतं.
3. क्षार पाण्यात थोडा थोडा टाका, ढवळत राहा. क्षारावर पाणी ओतू नका. तळाशी ढेकूळ बनतं, तिथेच उष्णता साठते आणि पाणी उसळून हातावर येऊ शकतं.
4. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
5. बाटलीत ओतून 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घाला. गरम असताना खूण गाठलीत तर गार झाल्यावर पातळी खाली जाते. गरम द्रावणाच्या बाटलीचं झाकणही घट्ट लावू नका.
6. लेबल लावा: नाव, 10 टक्के, तारीख, ‘पिऊ नये’. हे द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. बिनलेबलाची बाटली फ्रिजमध्ये पाण्याशेजारी ठेवणं ही गंभीर चूक आहे.

> तपासणी. त्याच बाटलीत त्याच खुणेपर्यंत साधं पाणी भरून आधी वजन करून ठेवा. द्रावण भरल्यावर वजन सुमारे 8 ग्रॅमने जास्त यायला हवं. 10 ग्रॅमच्या आसपास जास्त आलं तर डायहायड्रेट समजून निर्जल क्षार घेतला गेला असावा. 5 ग्रॅमच आलं तर क्षार हेक्झाहायड्रेट आहे किंवा ओल धरलेला आहे.

किंचित गढूळपणा दिसला तर कारण बहुधा पाण्याची कठीणता असते. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे थोडं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. द्रावण कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घ्या. तरंगणारे धागे किंवा कडेला बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या. इतक्या कमी तीव्रतेचं द्रावण कायम टिकत नाही, म्हणून थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

## टप्पा 4: चीजसाठी दुधात

दूध पाश्चराइझ करताना आणि थंड साठवताना त्यातल्या कॅल्शियमचा समतोल बिघडतो. रेनेटने केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) कापलं तरी कणांना एकमेकांशी जोडायला मोकळं कॅल्शियम अपुरं पडतं. गोठलेलं दूध लिबलिबीत राहतं आणि कापताना बारीक कण निवळीत (सुटणाऱ्या पाण्यात) निघून जातात. बाहेरून घातलेला क्षार ती उणीव भरतो.

मात्रा: दर लिटर दुधाला 10 टक्के द्रावण 1 मिलिलिटर. फार तर 2 मिलिलिटर. दुधाच्या वजनाच्या 0.02 टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे 0.2 ग्रॅम निर्जल क्षार, ही चीजमध्ये सर्वसाधारणपणे पाळली जाणारी कमाल मर्यादा आहे. तिच्या पलीकडे चीज रबरासारखं आणि कडवट होतं.

क्रम:

1. दूध कृतीत दिलेल्या तापमानाला आणा, बहुधा 30 ते 35 अंश.
2. विरजण घाला आणि ते कामाला लागेपर्यंत थांबा.
3. मोजलेलं द्रावण पाव कप थंड पाण्यात मिसळा. ते दुधावर पसरवून घाला आणि वरपासून तळापर्यंत एक मिनिट हलक्या हाताने ढवळा.
4. किमान 5 मिनिटं थांबा.
5. रेनेट वेगळ्या भांड्यात, क्लोरीन नसलेल्या थंड पाण्यात पातळ करून घाला. ढवळा, मग दूध हलवू नका.

रेनेट आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच कपात मिसळण्याचा मोह टाळा. तीव्र क्षारात रेनेटचं बळ कमी होतं आणि दोन्ही एकत्र दुधात पडले तर पसरण्याआधीच जागोजागी गाठी धरू लागतात. क्षार घातल्यावर दुधाची आम्लताही किंचित वाढते. रेनेटला ती सोयीचीच, पण एरवीपेक्षा लवकर दूध लागलं तर घड्याळ पाहत बसू नका, दूध पाहा.

> तपासणी. सुरी तिरपी घालून हळूच वर उचला. चीर सरळ फाटली आणि तिच्यात पारदर्शक, हिरवट निवळी आली तर कापायला घ्या. चीर चुरचुरीत, कडा फाटक्या आणि निवळी दुधाळ असेल तर अजून 5 ते 10 मिनिटं द्या.

कुठे उपयोग नाही: यूएचटी दुधात. 135 अंशांपुढे तापवलेल्या दुधात निवळीतली प्रथिनं केसिनला चिकटतात आणि रेनेटची वाट अडवतात. तिथे कॅल्शियम दुप्पट करूनही घट्ट दूध लागत नाही, चव मात्र बिघडते. दूध घरी बराच वेळ उकळवलं असेल तरी हेच होतं. न तापवलेल्या दुधाला सहसा गरज नसते. लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडायच्या दुधाला तर नसतेच. ताणून तयार करायच्या चीजमध्ये जपून वापरा, कारण जास्त कॅल्शियमने ताण तुटतो.

चीज मुरवायच्या ताज्या मीठपाण्यातही हा क्षार लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. मीठपाण्यात कॅल्शियम नसेल तर ते चीजच्या पृष्ठभागातून पाण्यात उतरतं आणि वरचा थर बुळबुळीत होतो. दर लिटर मीठपाण्याला 10 टक्के द्रावण 12 ते 15 मिलिलिटर आणि आम्लता चीजच्या जवळ आणायला थोडं व्हिनेगर एवढं पुरतं.

## टप्पा 5: भाज्या आणि फळं कडक ठेवण्यासाठी

भाजीच्या पेशींना पेक्टिन धरून ठेवतं. पेक्टिनच्या साखळ्यांवरच्या मोकळ्या आम्लगटांना कॅल्शियम पुलासारखं जोडतं आणि भिंत घट्ट होते. यातून दोन गोष्टी उघड होतात. पेक्टिन शाबूत असेल तरच क्षाराला काम आहे, म्हणून पिकलेली, मऊ पडलेली काकडी कशानेही कुरकुरीत होणार नाही. आणि क्षार सुरुवातीलाच हवा, भाजी मऊ झाल्यावर नव्हे.

व्हिनेगरातल्या भाज्यांसाठी:

1. भाजी ताजी आणि टणक निवडा. काकडीचं फुलाकडचं टोक 2 ते 3 मिलिमीटर कापून टाका. पेक्टिन तोडणारी विकरं तिथे जास्त असतात. हे टोक तसंच ठेवून क्षार वाढवत बसणं म्हणजे गळक्या भांड्यात पाणी भरणं.
2. व्हिनेगर, पाणी आणि मीठ यांचं प्रमाण तपासलेल्या कृतीप्रमाणे घ्या.
3. 1 लिटरच्या बरणीमागे 10 टक्के द्रावण 10 ते 20 मिलिलिटर धरा. पहिल्या खेपेला 10 पुरे. हे मिलिलिटर कृतीतल्या पाण्यातून वजा करा, व्हिनेगरातून कधीही नाही. कृतीत पाणी नसेलच तर द्रावण न वापरता डायहायड्रेट 1.3 ते 2.6 ग्रॅम तोलून व्हिनेगरातच पूर्ण विरघळवा.
4. क्षार पूर्ण मिसळलेलं गरम मिश्रण भाजीवर ओता. बरणीत वरून कोरडे दाणे टाकले तर ते एका फोडीवर बसतात. ती फोड कडू लागते आणि तळातली मऊच राहते.
5. पुढची प्रक्रिया मूळ कृतीत आहे तितकाच वेळ करा. क्षार घातला म्हणून वेळ कमी होत नाही.

> इशारा. कॅल्शियम क्लोराइड टिकवणारा पदार्थ नाही. बरणी सुरक्षित राहते ती आम्लतेमुळे: पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.6 च्या खाली असला पाहिजे, त्याच्या वर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. कॅल्शियम क्लोराइडने आम्लता मारली जात नाही, म्हणून ते धुवून काढावं लागत नाही. चुन्याचं नेमकं उलट. चुन्यात भिजवलेली भाजी पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून धुतली नाही तर तो व्हिनेगर निष्प्रभ करतो आणि बरणी धोकादायक होते. दोघांच्या कृती एकमेकांत मिसळू नका.

शिजवायच्या भाज्यांसाठी तापमानाची एक युक्ती आहे. गाजर, फरसबी, फ्लॉवर यांच्यात एक विकर असतं. ते 55 ते 65 अंशांच्या आसपास जोमाने काम करतं आणि पेक्टिनवर कॅल्शियमसाठी जागा मोकळ्या करतं. 80 अंशांच्या पुढे ते झपाट्याने निकामी होतं. म्हणून भाजी थेट उकळत्या पाण्यात न टाकता 60 अंशांच्या, 0.2 टक्के क्षाराच्या पाण्यात (लिटरमागे 10 टक्के द्रावण 20 मिलिलिटर) 20 ते 30 मिनिटं ठेवा, मग नेहमीसारखी शिजवा. शिजल्यावरही तुकडे आकार धरून राहतात. थर्मामीटर नसेल तर हा प्रयोग करू नका. 40 अंशांवर रेंगाळलेल्या पाण्यात भाजी नव्हे, जंतू सुखी होतात.

कापलेल्या फळांसाठी 0.5 ते 1 टक्का द्रावणात 1 ते 3 मिनिटं बुडवणं पुरतं. एक भाग 10 टक्के द्रावण आणि नऊ भाग थंड पाणी घेतलं की 1 टक्का होतं. फोडी निथळा, एक फोड चाखा, कडवट लागली तर साध्या पाण्यातून काढा. तरीही जिभेला खटकत असेल तर अशा कामाला कॅल्शियम लॅक्टेट अधिक सौम्य. फोड काळी पडणं ही वेगळी तक्रार आहे, तिला ॲस्कॉर्बिक आम्ल लागतं.

## टप्पा 6: अल्जिनेटचे मोती

सोडियम अल्जिनेट मिसळलेल्या रसाचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडताच बाहेरून जेलीचं कवच धरतात. इथे क्षाराचं पाणी खाल्लं जात नाही, फक्त कवचाला चिकटतं. धुणं टाळलं की कडू लागतं.

1. रसात 0.5 ते 0.8 टक्के अल्जिनेट ब्लेंडरने मिसळा आणि बुडबुडे निघेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. घाई केलीत तर मोती तरंगतात आणि कवच एका बाजूने पातळ राहतं.
2. 1 लिटर थंड पाण्यात डायहायड्रेट 6.6 ते 13 ग्रॅम विरघळवा. म्हणजे 0.5 ते 1 टक्का निर्जल क्षार झाला.
3. थेंब 5 ते 10 सेंटिमीटर उंचीवरून सोडा. 30 ते 60 सेकंदांत जाळीच्या चमच्याने काढा.
4. लगेच साध्या पाण्याच्या भांड्यात बुडवा, मग दुसऱ्या.
5. लगेच वाढा. आत शिरलेलं कॅल्शियम पुढेही काम करत राहतं आणि काही वेळाने मोती आतपर्यंत घट्ट होतो.

थेंब कवच न धरता विरघळत असतील तर आधी रसाची आम्लता तपासा. पीएच 4 च्या खाली अल्जिनेट धड फुलत नाही, तेव्हा चिमूटभर सोडियम सायट्रेट लागतं. पण सायट्रेट कॅल्शियमलाही पकडून ठेवतं, त्यामुळे ते जास्त झालं तरी कवच धरत नाही. रस ब्लेंडरमध्येच गाठाळला तर त्यात आधीपासून कॅल्शियम आहे. दूध, दही किंवा कठीण पाणी वापरलं की हेच होतं. अशा पदार्थांना उलटी पद्धत घ्या: कॅल्शियम पदार्थात, अल्जिनेट पाण्यात. तेव्हा पदार्थात घालायला कॅल्शियम क्लोराइड वापरू नका, तो सगळा कडूपणा पोटात जातो. कॅल्शियम लॅक्टेट घ्या.

## टप्पा 7: खाण्यात किती, आणि कोणी सांभाळावं

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 साली या गटातल्या क्लोराइड क्षारांचं पुन्हा मूल्यमापन केलं आणि रोजच्या सेवनासाठी आकड्यातली मर्यादा ठरवण्याची गरज नाही असं म्हटलं. याचा अर्थ ‘कितीही खा’ असा नाही. कॅल्शियम आणि क्लोराइड दोन्ही शरीराला ओळखीची आहेत आणि पदार्थात लागणारी मात्रा लहान असते, इतकाच आहे. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून: 0.2 टक्के निर्जल क्षार असलेल्या 100 ग्रॅम भाजीतून सुमारे 72 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. वर दिलेल्या नेहमीच्या मात्रेने लिटरभर दुधात 36 मिलिग्रॅम वाढतं, आणि दुधात मुळातच हजाराच्या पुढे असतं. त्याच संस्थेने प्रौढांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा दिवसाला 2,500 मिलिग्रॅम धरली आहे.

तरीही मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, रक्तात वाढलेलं कॅल्शियम किंवा डॉक्टरांनी कॅल्शियमवर घातलेलं बंधन असेल तर आधी विचारा. व्हिनेगरातल्या भाज्यांत मीठही भरपूर असतं, त्याचा हिशोब वेगळा. ‘कॅल्शियम वाढवायला’ म्हणून हा क्षार पाण्यात ढवळून पिणं चूक आहे. गोळीची जागा हा घेऊ शकत नाही आणि तीव्र द्रावण घशाला व जठराला इजा करतं.

## टप्पा 8: साठवण, सांडणं, अपघात

क्षार हवाबंद बरणीत, आत कोरडी पिशवी, लेबल बाहेरून, मुलांच्या हातापासून दूर. ढेकळं झाली तर तो वाया गेला असं नाही, पण वजनावर विश्वास उरत नाही. त्याचं द्रावण करून टप्पा 3 मधली वजनाची तपासणी लावा आणि मगच ठरवा. बरणीत पाणी सुटून चिकट रस झाला असेल तर खाण्याच्या कामातून तो बाद करा.

कोरडे दाणे ओल्या बोटांनी उचलू नका. ते त्वचेतलं पाणी ओढतात आणि तापतात, बारीक चीर असेल तर चांगलंच झोंबतं. ओट्यावर सांडलं तर आधी कोरड्या कागदाने गोळा करा, मग भरपूर पाण्याने पुसा. नुसतं पुसून सोडलेली जागा हवेतली ओल ओढून पुन्हा पुन्हा चिकट होते आणि खालचा धातू गंजतो. थोडं द्रावण उरलं तर भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. झाडांच्या कुंडीत नको, क्लोराइडने मुळं जळतात. बेकिंग सोडा मिसळून ‘निष्प्रभ’ करण्याची गरज नाही. त्याने फेस येतो आणि तळाला पांढरं कॅल्शियम कार्बोनेट बसतं.

- डोळ्यात गेलं: लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, पापणी उघडी ठेवून किमान 15 मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा. नंतर डॉक्टरांना दाखवा, जळजळ थांबली असली तरी.
- त्वचेवर: दाणे झटका, भरपूर पाण्याने धुवा. मलम चोळू नका.
- दाणे किंवा तीव्र द्रावण गिळलं: तोंड खळखळून धुवा, माणूस शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्या, उलटी काढू नका. घशात जळजळ, पोटात दुखणं किंवा उलटी असेल तर लगेच दवाखान्यात न्या. डबा सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना नेमका पदार्थ कळेल.

पदार्थात मात्रा जास्त पडली असेल तर दूध आणि भाजी यांचं उत्तर वेगळं आहे. व्हिनेगरातली भाजी कडू झाली तर बरणी उघडल्यावर खाण्याआधी फोडी साध्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, पृष्ठभागावरचा बराच क्षार उतरतो. बंद बरणीतल्या मिश्रणात नंतर पाणी वाढवू नका, आम्लता कमी होते. रेनेट पडलेल्या दुधाला मात्र परतीची वाट नाही. चीज तयार करून चाखा, चुकलेली मात्रा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला लिटरमागे अर्ध्या मिलिलिटरपासून सुरुवात करा.